टॅपेट कव्हरची गळती: पॅकिंग बदललं तरी तेल पुन्हा का येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. गाडी चालून थांबली की जळक्या तेलाचा वास येतो, टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनच्या हेडवरच्या झाकणाखाली, एका बाजूला ओल आहे, दोन नंबरच्या प्लगच्या नळीत तेल सापडलं आणि इंजिन अधूनमधून मिसिंग करतं. सहा महिन्यांपूर्वीच त्याचं पॅकिंग (गॅस्केट) नवीन टाकलं होतं. मध्ये एकदा कुणीतरी कव्हरचे बोल्ट आवळून दिले, तर गळती थांबायची सोडून वाढली. आता हे काम स्वतः करावं का, आणि केलं तर टिकेल का?

स्वतः करता येईल. कव्हर समोर उघडं दिसत असेल, वर इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांचा, पसारा नसेल, तर पहिल्यांदा करणाऱ्यालाही अर्धा दिवस पुरतो. पण तुमच्या प्रश्नात मला खटकलं ते दुसरंच. धड बसवलेलं रबराचं पॅकिंग सहा महिन्यांत मरत नाही, वर्षानुवर्षं चालतं. म्हणजे एक तर तेल तिथून येतच नाही, किंवा बसवताना चूक झाली, किंवा इंजिनच्या पोटातला दाब तेलाला बाहेर ढकलतोय. हे न बघता तिसरं पॅकिंग आणलंत तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

आधी गळती कुठून होते ते बघा. तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत पंख्याच्या नि समोरच्या हवेने मागे पसरतं. त्यामुळे जिथे सगळ्यात जास्त तेल दिसतं तिथून ते क्वचितच निघालेलं असतं. ओल्या भागातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा बिंदू शोधायचा. इंजिन आधीच तेलाने माखलेलं असेल तर हे कळणारच नाही, म्हणून डिग्रीझर मारून ती बाजू स्वच्छ पुसा, दोन-तीन दिवस गाडी चालवा आणि टॉर्च घेऊन पुन्हा बघा. कव्हरची कड कोरडी आणि तिच्या खालून ओल सुरू होत असेल तर पॅकिंगचा दोष नाही. कव्हरच्या आसपास बसणारे आणि कायम त्याच्या नावावर बिल फाडणारे संशयित मला पाठ आहेत: तेल भरायच्या झाकणाची रिंग, कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) सेन्सरची ओ-रिंग, व्हॉल्व्ह टायमिंगच्या सोलेनॉइडची ओ-रिंग, कॅमशाफ्टच्या टोकाचं ऑइल सील आणि काही इंजिनांत हेडच्या टोकाला बसणारं अर्धचंद्राकृती रबर. यातली झाकणाची रिंग सगळ्यात फसवी. ती कडक झाली की तेल कव्हरवरून ओघळून बरोबर कडेला येऊन थांबतं आणि दोषी पॅकिंग ठरतं.

तुमच्या बाबतीत प्लगच्या नळीत तेल आहे, हा मात्र बऱ्यापैकी पक्का पुरावा आहे. त्या नळीभोवती वेगळं गोल सील असतं. काही इंजिनांत ते कव्हरच्या आत दाबून बसवलेलं असतं, काहींत मोठ्या पॅकिंगलाच जोडून येतं. मागच्या वेळी फक्त बाहेरची कड बदलली आणि ही गोल सीलं तशीच ठेवली असण्याची शक्यता दाट आहे. सेट घेताना ती सीलं आणि बोल्टखालचे रबरी वायसर त्यात आहेत ना ते बघूनच घ्या. काही इंजिनांत नळीच्या खालच्या टोकालाही सील असतं, ते कॅमच्या कॅप काढल्याशिवाय हाती लागत नाही. तसं असेल तर वरचं सगळं नवीन टाकूनही नळी भरतच राहील, आणि ते काम अर्ध्या दिवसाचं नाही.

आता दाबाची गोष्ट. हीच सगळ्यात जास्त वेळा सुटते, म्हणून जरा थांबून सांगतो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेला थोडा वायू त्यांच्या बाजूने निसटून खाली तेलाच्या भागात उतरतो. तो कोंडून राहू नये म्हणून पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरचे पाइप त्याला परत इनटेकमध्ये ओढून घेतात. तो रस्ता काजळीने आणि चिकट तेलाने बुजला की पोटातला वायू दुसरी वाट शोधतो, आणि सगळ्यात सोपी वाट असते नवीन, मऊ पॅकिंगची. मग पॅकिंग कितीही भारी आणा, ते पाझरणारच.

तपासायला काही यंत्र लागत नाही. इंजिन तापू द्या, आयडलवर ठेवा, तेल भरायचं झाकण हळूच काढा आणि भोकावर कागदाचा तुकडा ठेवा. पेट्रोल इंजिनात तो हलकासा आत ओढला गेला पाहिजे. वाफेच्या फुंकरीने उडत असेल तर दाब साचतोय. उलट झाकण निघता निघत नसेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि आयडल वरखाली होत असेल तर व्हॉल्व्हचा पातळ पडदा फाटलाय. जुन्या पद्धतीचा सुटा व्हॉल्व्ह कानाजवळ हलवला की खुळखुळतो. तो खुळखुळला नाही तर नक्की गेला, पण खुळखुळला म्हणून चांगलाच आहे असं समजू नका. सोबत ब्रीदरचे पाइपही तोंडाशी धरून फुंकून बघा. आजच्या बऱ्याच प्लास्टिकच्या कव्हरांत हा व्हॉल्व्ह कव्हरमध्येच बनवलेला असतो. तो गेला की सहसा अख्खं कव्हर बदलावं लागतं, आणि नवीन कव्हर अनेकदा पॅकिंगसकट येतं. व्हॉल्व्ह नि पाइप ठीक असूनही फुंकर जोरात असेल तर रिंगा झिजल्यात. मग आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा, पॅकिंगचं नंतर बघू.

बोल्ट आवळल्यावर गळती वाढली, त्यातही आश्चर्य नाही. हे बोल्ट बहुधा 6 मिलिमीटर आट्यांचे, 10 नंबरच्या गोटीचे असतात आणि त्यांना साधारण 8 ते 10 न्यूटन मीटर एवढाच टॉर्क (आवळायचा जोर) लागतो. प्लास्टिकच्या कव्हरला कधीकधी त्याहूनही कमी. तुलनेसाठी सांगतो, चाकाच्या नटाला 100 च्या आसपास लागतो. म्हणजे इथे त्याच्या दहाव्या हिश्श्याचं काम आहे, आणि हातात मात्र तोच मोठा पाना येतो. पत्र्याचं कव्हर जास्त आवळलं की बोल्टपाशी दबतं आणि दोन बोल्टच्या मधे उचललं जातं. कॉर्कचं पॅकिंग चेपून चिरतं, रबर खाचेतून बाहेर पडतं, प्लास्टिक वाकतं. बऱ्याच इंजिनांत बोल्टला मधे खांदा असतो. रबर हवं तेवढं दाबलं गेलं की तो खांदा हेडला टेकतो आणि बोल्ट एकदम दगडासारखा लागतो. त्यापुढे आवळून पॅकिंगवर कणभरही दाब वाढत नाही, फक्त ॲल्युमिनियमचे आटे ओढले जातात. खांदा टेकूनही गळत असेल तर बोल्टखालचं रबर कडक झालंय, ते बदलायचं. मी धंद्यात नवीन असताना असाच एक बोल्ट "अजून जरासा" करत तोडला होता. दहा मिनिटांचं काम संध्याकाळपर्यंत गेलं आणि तुटका तुकडा काढताना उस्तादांनी एक शब्द काढला नाही, ते जास्त लागलं.

एवढं सगळं बघून पॅकिंगच बदलायचं ठरलं, तर काम असं.

इंजिन पूर्ण थंड हवं. कोमट नाही, थंड. शेजारी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा तापलेला पाइप) आहे, आणि ॲल्युमिनियमचे गरम आटे थंड आट्यांपेक्षा लवकर मरतात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. कव्हरला हात लावण्याआधी त्याची कड ब्रशने, हवेने, फडक्याने नीट साफ करा. कव्हर उचललं की कडेची सगळी माती सरळ कॅमवर पडते, आणि तिथून ती तेलाबरोबर कुठे जाईल ते तुम्हालाच माहीत.

वरचं प्लास्टिकचं आवरण, ब्रीदरचे पाइप, वायरिंगच्या क्लिपा काढताना फोनवर फोटो काढत जा. प्लगवर बसणाऱ्या, ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलच्या कनेक्टरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून बिस्किटासारखं झालेलं असतं. कुलूप दाबा, कनेक्टर आधी जरा आत ढकला, मग बाहेर ओढा. वायर धरून ओढू नका. कॉइलवर नंबर लिहून ठेवा.

आता प्लगच्या नळीतलं तेल. इथे घाई केली तर महागात पडेल. ते तेल असताना प्लग सोडला तर सगळं सिलिंडरमध्ये उतरतं. थोडं असेल तर धूर होऊन जळून जाईल, पण जास्त असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून आधी सिरिंजला नळी लावून किंवा लांब चिमट्यात फडकं धरून तेल पूर्ण टिपा, आणि मगच प्लगला हात लावा. त्या कॉइलचं रबरी बूट तेलाने फुगून मऊ पडलं असेल तर ते बदला. पॅकिंग नवीन टाकून मिसिंग तसंच राहिलं, असं सांगत येणाऱ्यांच्या गाडीत बहुतेक वेळा हे बूटच असतं.

बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सोडत काढा. त्यांची लांबी वेगवेगळी असू शकते. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्यात भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचा. बोल्ट निघाले तरी कव्हर चिकटून बसतं. रबरी हातोडीने बाजूने ठोका, कोपऱ्यात कव्हरला कान दिलेला असेल तर तिथून उचला. दोन पृष्ठभागांच्या मधे पेचकस घालून उचकटू नका. हेडवर पडलेला एकच ओरखडा पुढची दहा पॅकिंगं गळवेल. न निघालं तर एखादा बोल्ट राहिलाय का बघा. मध्यभागी, मळाखाली लपलेला एक बोल्ट असतोच.

कव्हर निघालं की आत सहज नजर टाका. कॅमवर सोनेरी-तपकिरी झाक चालते. काळा चिखल असेल तर तेल वेळेवर बदललेलं नाही आणि ब्रीदर का बुजला याचं उत्तरही तेच. टॅपेटचा गॅप तपासायचा असेल तर तुमच्या मॅन्युअलमधला आकडा घेऊनच. उघडलंच आहे म्हणून काहीही फिरवत बसू नका.

सफाई हे या कामातलं खरं काम आहे. बाकी सगळं नट-बोल्ट आहे. चेनची खोबण आणि तेल परत जायची भोकं स्वच्छ फडक्यांनी झाका आणि किती फडकी घातली ते मोजून ठेवा. जुनं पॅकिंग आणि सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ड्रिलला लावायची घासणारी चकती, सँडपेपर, घासणीचं हिरवं कापड यांपैकी काहीही उघड्या इंजिनजवळ आणू नका. त्यातून उडणारे कण डोळ्याला दिसत नाहीत, पण तेलात मिसळून बेअरिंगपर्यंत जातात आणि इंजिन खाऊन टाकतात. चिवट तुकडा असेल तर गॅस्केट विरघळवणारं द्रव फडक्यावर घेऊन लावा, मुरू द्या, मग काढा. शेवटी ब्रेक क्लीनर कापडावर घेऊन हेडची कड पुसा. कापड तेलकट येणं थांबेपर्यंत पुसायचं. फवारा थेट आत मारू नका.

कव्हरकडेही तेवढंच लक्ष द्या. पत्र्याचं असेल तर बोल्टच्या भोकांभोवती खळगे पडलेत का बघा. ते लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट करता येतात. ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिकच्या कव्हरवर सरळ पट्टी ठेवून खालून उजेड दिसतोय का ते पाहा. वाकलेलं किंवा केसासारखी चीर गेलेलं प्लास्टिकचं कव्हर सिलिकॉनने वाचत नाही, बदला. पॅकिंगची खाच टोकदार काडीने कोपऱ्यासकट साफ करा. कोपऱ्यात राहिलेला जुन्या रबराचा एक तुकडा नवीन पॅकिंगला तिथेच उचलून धरतो.

सिलिकॉन पेस्टबद्दल मात्र मला बोलावंच लागेल, कारण मागच्या वेळी तुमच्या गाडीवर ती अख्ख्या कडेला फिरवलेली असेल अशी माझी पैज आहे. रबराचं पॅकिंग कोरडं बसवायचं असतं. पेस्ट त्याखाली वंगणासारखी वागते, आवळताना रबर सरकतं आणि बाहेर येतं. शिवाय जेवढी पेस्ट बाहेर दिसते तेवढीच आतही पिळली गेलेली असते. ती शेवयांसारखी तुटून तेलात पडते आणि खाली ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकते. गळतीपेक्षा ते कितीतरी वाईट. पेस्ट लागते ती ठरावीक ठिकाणीच: जिथे टायमिंग कव्हर हेडला मिळतं तो सांधा, कॅमच्या पहिल्या किंवा शेवटच्या कॅपचे कोपरे, आणि अर्धचंद्राकृती रबराच्या दोन्ही कडा. तिथे दोन भाग एकमेकांना भेटताना बारीक पायरी राहते आणि रबर ती पायरी भरू शकत नाही. चण्याएवढा ठिपका पुरे. पेस्ट तेल सहन करणारी आणि ऑक्सिजन सेन्सरला चालणारी असावी. व्हिनेगरसारखा वास येणारी साधी सिलिकॉन इथे नको. ठिपके लावले की पेस्टवर साय धरण्याआधी कव्हर बसलं पाहिजे. म्हणून बाकी सगळी तयारी आधी करून मगच ट्यूब उघडा.

कव्हर उलटं करताना पॅकिंग खाचेतून पडत असेल तर दोन-तीन जागी पेस्टचा अगदी टिपका लावून धरून ठेवा. प्लगच्या नळीच्या सीलांच्या ओठांना इंजिन ऑइलचं बोट फिरवा, कोरडी सीलं नळीवर चढताना ओठ आत दुमडतात. सील दाबून बसवायचं असेल तर जुनं कोणत्या बाजूने बसलं होतं ते काढण्याआधी बघा. फडकी काढा, मोजा. कव्हर सरळ वरून खाली आणा, सरकवत नको. मागची बाजू दिसत नाही आणि पॅकिंग नेमकं तिथेच दुमडतं. छोटा आरसा किंवा फोनचा कॅमेरा घालून पूर्ण कड एकदा बघून घ्या. हे दोन मिनिटांचं बघणं टाळल्यामुळे मी लोकांना दुसऱ्या दिवशी पुन्हा कव्हर उघडताना पाहिलंय.

सगळे बोल्ट आधी बोटाने पूर्ण आटे पकडेपर्यंत फिरवा. मग मधून सुरुवात करून आलटून-पालटून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. तुमच्या इंजिनचा आकडा आणि क्रम मॅन्युअलमध्ये असतो, तोच वापरा. टॉर्क रेंच छोटा हवा. चाकांसाठीचा मोठा रेंच एवढ्या खालच्या आकड्यावर खरं सांगत नाही, तो "टक" करेपर्यंत आटे गेलेले असतात. छोटा रेंच नसेलच तर लहान रॅचेटचं डोकं अंगठा आणि दोन बोटांत धरून आवळा, दांडा धरू नका. आटे आधीच गेलेले सापडले तर जाड बोल्ट ठोकून बसवायचा उद्योग करू नका. हेलिकॉइल (तारेच्या नवीन आट्यांची गुंडाळी) टाकून घ्या, ते मूळ आट्यांपेक्षाही मजबूत होतं.

पेस्ट वापरली असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ थांबा. रात्रभर ठेवता आलं तर उत्तम. मग तेलाची पातळी बघून इंजिन सुरू करा. पहिली दहा-पंधरा मिनिटं मॅनिफोल्डवरून धूर येईल आणि वासही येईल. ते आधी सांडलेलं तेल जळतंय, घाबरून बोल्ट आवळायला जाऊ नका. पण धूर कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर लगेच बंद करा. गरम मॅनिफोल्डवर ताजं तेल पडत राहणं हे आग लागायचं कारण असतं, आणि याचसाठी ही गळती "थोडीशीच आहे" म्हणून महिनोन्महिने ठेवायची नसते.

कॉर्कचं पॅकिंग असेल तर काही दिवसांनी, इंजिन थंड असताना बोल्ट एकदा टॉर्कवर तपासा, कारण कॉर्क बसतं. रबराचं असेल तर पुन्हा पाना लावायचा नाही.

एक गोष्ट राहिली. हे सगळं तुमच्यासारख्या साध्या पेट्रोल इंजिनासाठी लिहिलंय. कॉमन रेल डिझेलमध्ये काही इंजिनांत इंजेक्टर कव्हरमधून खाली जातात आणि ते काढायला जास्त दाबाचे पाइप सोडावे लागतात. तिथे दाब हजार बारच्या वर असतो, धुळीचा एक कण इंजेक्टर बाद करतो आणि काही पाइप एकदा सोडले की पुन्हा वापरता येत नाहीत. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनातही जास्त दाबाचा पंप कव्हरजवळच बसतो. आडव्या बसवलेल्या व्ही आकाराच्या इंजिनात मागचं कव्हर काढायला अनेकदा अख्खा इनटेक उतरवावा लागतो. यातलं काही असेल तर अनुभवी माणसाकडे द्या, पण ब्रीदर तपासलात का आणि बोल्ट कितीवर आवळले, हे दोन प्रश्न त्याला जरूर विचारा.

आठवड्याभराने दोन नंबरची कॉइल पुन्हा वर घ्या आणि नळीत टॉर्च मारा. तळ कोरडा असेल आणि कव्हरच्या मागच्या कडेवरून फिरवलेलं पांढरं फडकं पांढरंच आलं, तर बॉनेट लावून टाका.